तायडेबाईंची झडप

शेवंता तायडे बिचारी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण परवा आम्ही जुन्या शिक्षिका जमलो होतो, तिचं नाव निघालं आणि तिघीचौघी एका सुरात म्हणाल्या, "बिचारी!" माझं डोकंच फिरलं. हातातला चहा खाली ठेवला आणि म्हटलं, "बायांनो, ती आत्ता इथं असती तर तुम्हा सगळ्यांना बाकावर उभं केलं असतं." कोणी हसलं, कोणी विषय बदलला. घरी आले तरी राग जाईना, म्हणून हे लिहायला बसले.

आमची गाठ पडली अमरावतीला, मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या वसतिगृहात. मी अकोल्याच्या एका वकिलाची मुलगी, कुसुम. ती हिवरखेडची, किसन तायडे नावाच्या शेतमजुराची. छप्पन साली तिचा बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्या आल्या त्यानं घरातले देव टोपल्यात घालून गावाबाहेरच्या नाल्यात सोडले आणि पोरीला शिकायला बाहेर काढायचं ठरवलं. ही दोन्ही कामं एकाच सपाट्यात. गावात लोक म्हणाले, किसन येडा झाला. किसन म्हणाला, होऊ द्या.

वसतिगृहात माझ्या शेजारची खाट तिच्या वाट्याला आली. वळकटी खाली टाकायच्या आधी तिनं विचारलं, "माह्या बाजूले झोपाले तुले चालते न? नसन चालत तर आत्ताच सांग. मंग कटकट नको."

म्हटलं, "चालतं."

"मंग तुह्या फिरकीच्या तांब्यातलं पानी दे. तहान लागली."

मी दिलं. ती ते तोंड लावून प्यायली, माझ्याकडे बघत बघत, आणि तांब्या परत माझ्या हातात ठेवला. परीक्षाच होती ती. मी पास झाले की नाही ते तिनं कधी सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून आमची दोस्ती पक्की झाली.

अंगानं किडकिडीत, रंग सावळा, आणि गालांवर एक तांबूस झाक. आम्हा पोरींना तिच्या त्या गालांचा हेवा वाटायचा. ती लाली आजाराची होती, हे आम्हाला काय ठाऊक! लहानपणी तिला ताप आला होता. आज या गुडघ्यात दुखायचं, उद्या त्या मनगटात. सांधे बरे झाले, पण तो ताप जाता जाता काळजाला धरून गेला. मग पाण्याची घागर आणताना धाप लागायला लागली, उताणं झोपता येईना, उशाला गाठोडं घेऊन बसूनच झोपायची.

तेव्हाचा किस्सा ती आम्हाला कितीदा तरी सांगायची, आणि आम्ही दर वेळी लोळून हसायचो. बापानं तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, सोबत माय. डॉक्टर पुण्याकडचे. त्यांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, "हिला हृदयाच्या झडपेचा आजार आहे." मायनं त्यातला नेमका एक शब्द उचलला. आमच्याकडे झडपलं म्हणजे भूत लागलं. माय दवाखान्यातून निघाली ती रडतच. "आता तं डाक्टरबी म्हनते का पोरीले झडपलं!" एवढा शिकलेला माणूस म्हणतो म्हटल्यावर तिला शंका कसली राहणार?

घरात भांडण पेटलं. बाप म्हणे, "आपन आता बुद्धाचे. आपल्या घरात भूत येऊच शकत नाई." मायचं म्हणणं, "तुमी देव हाकलले म्हनूनच तं भुताले रस्ता मोकळा झाला." शेवटी बाप शेतावर गेलेला बघून मायनं गुपचूप भगत बोलावला. त्यानं खोली बंद करून धुपाचा धूर केला, कडुलिंबाचा डहाळा हातात घेतला आणि शेवंतावर गरजला, "कोन हायेस तू? कोठून आली? बोल!"

शेवंता म्हणाली, "मी शेवंता किसन तायडे, राहनार हिवरखेड, फायनल पास. तू कोन?"

भगतानं डहाळा उगारला. हिनं तो धरला. "मारशीन मंग मार, आधी तो धूर बंद कर. दम लागून राहिला मले." भगत डहाळा सोडून मायला म्हणाला, "बाई, हे भूत शिकेल हाये. माह्या हातचं नाई." आणि उठून गेला. त्या दिवसापासून झडप हा शब्द शेवंतानं टाकला. ती कवाड म्हणायची. "काळजात चार कवाडं असतात. माह्यं एक बरोबर उघडत नाई." आम्ही चुकून झडप म्हटलं तर म्हणायची, "हळू बोल वं माय, भगत येईन."

ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी एकदा खोकताना तिच्या पदराला रक्त लागलं. मी घाबरले. तिला ओढतच अमरावतीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. वयस्क गृहस्थ, बोलायला शांत. त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "दार अरुंद झालंय. औषधानं रुंद होणार नाही. मुंबईला एक ऑपरेशन करतात. बरगड्यांमधून आत जातात आणि चालू हृदयात बोट घालून ते दार मोकळं करतात."

मी खुर्चीत मागं सरकले. शेवंता पुढं सरकून बसली. "चालू हृदयात? धडधड चालू असताना?"

"हो."

"कोनतं बोट घालतात?"

डॉक्टरांनी तर्जनी दाखवली. तिनं ती नीट पाहिली. "नख काढून घालत असतीन न?" डॉक्टर हसले, म्हणाले, आजच चिठ्ठी देतो. तर ही म्हणते, "आज नाई. आधी नोकरी लागू द्या मले. बिननोकरीची मेली तर माह्या बापाचं सारं फुकट जाईन." डॉक्टरांनी समजावलं, मी भांडले, काही उपयोग झाला नाही. रस्ताभर मी तिच्याशी बोलले नाही आणि तिनंही माझी मनधरणी केली नाही.

नोकरी लागली, दोघींना एकाच ठिकाणी, अकोल्याच्या मुलींच्या शाळेत. शाळेला लाकडी जिना होता आणि चौथीचा वर्ग वर होता. मोठ्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "तायडेबाई, तुम्ही खालचा बालवर्ग घ्या." शेवंता म्हणाली, "चौथी घेतो मी. बालवर्गाले माह्याच्यानं गाणे म्हनवत नाई." खरं कारण वेगळं होतं. चौथीला बोर्डाची परीक्षा असायची, आणि तो वर्ग आजवर आमच्यासारख्या घरच्या बायांनाच मिळत आला होता. तिला तो हवा होता. तिनं तो घेतला.

पण जिना चढायचा कसा? तिनं एक युक्ती काढली. अर्ध्या जिन्यावर ती थांबायची, कठड्याला हात टेकायचा आणि येणाऱ्या पहिल्या पोरीला दरडावायचं, "सतराचा पाढा म्हन!" पोरगी पाढा म्हणेपर्यंत हिचा दम खाली बसायचा. मग "जाय" म्हणून वर जायची. हळूहळू सगळ्या शाळेला कळलं की तायडेबाई जिन्यात अडवतात, आणि पोरी पाढा पाठ केल्याशिवाय जिन्याला पाय लावेनात. लोक म्हणत, काय कडक बाई आहे! कोणाला कळलं नाही. मला ठाऊक होतं, आणि जिन्यावर पाढ्याचा आवाज आला की मी माझ्या वर्गात जीव मुठीत धरून ऐकत असायचे.

एकसष्टच्या उन्हाळ्याच्या सुटीत ती बापाला घेऊन मुंबईला गेली. बोट घालून घेतलं. परत आली ती डाव्या बाजूनं पाठीपर्यंत गेलेला व्रण घेऊन, आणि तो मला दाखवून म्हणाली, "पाह्य, कसा शिवला! माह्या मायची गोधडी बरी." शाळा सुरू झाली त्या पहिल्या सकाळी मी जिन्याखाली उभी होते. अर्ध्या जिन्यावर चौथीची एक पोरगी पाढा तोंडात धरून तयार. शेवंता खालून निघाली, त्या पोरीजवळून गेली, थांबलीच नाही. पोरगी मागून ओरडली, "बाई, पाढा?" वरून उत्तर आलं, "तुह्याजवळच ठेव!" मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. आनंदानं रडले, लपवायचं काय त्यात?

ती सहा वर्षं चांगली गेली. चांगली म्हणजे दुसऱ्यांना तापदायक. वर्गात कोणा पोरीचा गुडघा सुजला, ताप आला, घसा दुखला की तायडेबाई तिला हाताला धरून दवाखान्यात उभ्या. आईबाप म्हणत, वाढीचं दुखणं आहे, होईल बरं. ही त्यांच्या अंगणात बसायची आणि उठायची नाही. "सांध्यात दुखते म्हन्ता, बसते ते काळजात. सुई द्या तिले. तिले दवाखान्यात नेल्याशिवाय मी उठत नाई." पोरी तिला मागून सुईवाल्या बाई म्हणायच्या. ती स्वतः दर महिन्याला पेनिसिलिन टोचून घ्यायची आणि त्या दिवशी खुर्चीत वाकडी बसायची. एकदा एका बापानं तोंडावर ऐकवलं, "तुमच्या लोकांनी आता आम्हाला शिकवायचं का?" ती म्हणाली, "हो. रोज अकरा ते पाच." पोरीला सुई दिली गेली.

सदुसष्टमध्ये जिन्यावर पुन्हा पाढा ऐकू आला. मी वर्गात खडू हातात धरून उभीच राहिले. मधल्या सुटीत तिला गाठलं, तर म्हणाली, "हो. कवाड पुन्हा धरून राहिलं." त्याच आठवड्यात आम्ही दोघी बसनं अमरावतीला गेलो, त्याच डॉक्टरांकडे. आता ते आणखी म्हातारे झाले होते. त्यांनी मुंबईहून आलेले कागद वाचले आणि तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले. हे मला त्यांचं फार आवडलं.

"दार पुन्हा अरुंद झालंय, आणि आता ते नीट मिटतही नाही. रक्त उलटं जातं. बोट घालून दार उघडता येतं, बाई, मिटवता येत नाही. म्हणून आता तो मार्ग नाही. एक तर औषधं घेत खाटेवर पडून राहायचं. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. नाही तर जुनी झडप काढून नवी बसवायची. पोलादाचा लहानसा पिंजरा, त्यात एक रबराचा चेंडू. तो खालीवर होतो, रक्त जाऊ देतो, परत येऊ देत नाही."

"परदेशात काय करतात?" मी विचारलं.

"तिकडं काही ठिकाणी मेलेल्या माणसाची झडप काढून बसवून बघताहेत. आपल्याकडे अजून नाही."

शेवंता माझ्याकडे वळली. "ऐकलं काय वं? मेलेल्या मानसाची झडप! मंग तं मायच खरी ठरली असती." आणि तिला त्या तपासणीच्या टेबलावर बसल्या बसल्या असं हसू फुटलं की धाप लागेपर्यंत हसली. डॉक्टरांना काही कळेना. मी त्यांना भगताची गोष्ट सांगितली तेव्हा तेही चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

मग ते गंभीर झाले. चेंडू बसवला की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. खरचटलं तरी रक्त थांबायला वेळ लागेल. सारखं रक्त तपासायचं. टेबलावरून सगळे परत येत नाहीत. "आणि मूल होऊ द्यायचं नाही. त्यात दोघांच्याही जिवाला धोका."

ती टेबलावरून उतरली, पदर नीट केला. मग विचारलं, "चेंडू किती वर्षं चालते?"

"खरं सांगू? कोणालाच माहीत नाही. बसवायला लागूनच थोडी वर्षं झालीत."

"म्हंजे ते मीच तुमाले येऊन सांगाचं," शेवंता म्हणाली. "चिठ्ठी द्या."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून बसली होती. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा उतरली, नळावर तोंड धुतलं, ओलं तोंड पदरानं पुसत परत आली, आणि माझ्या हातात भज्यांचा पुडा दिला. "मले पोरगी पायजे होती, कुसुम," ती म्हणाली. "लग्नाचं काई नाई. पोरगी पायजे होती. मले लय वाईट वाटून राहिलं." मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला. थोड्या वेळानं म्हणाली, "भजे खाय, गार होऊन राहिले," आणि आम्ही दोघींनी रडत रडत ती भजी खाल्ली. समोरची बाई आमच्याकडे बघत होती. बघू दे.

आता खरा अडथळा आला तो बापाचा. इस्पितळवाल्यांनी कळवलं होतं, घरच्या पुरुषमाणसाची सही हवी. किसन तायडे तोवर वाकले होते. ते हिवरखेडहून आले, शेवंताच्या खोलीत भिंतीशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "मी सही करत नाई. पैल्या खेपेले केली, तू वाचली. आता केली आन् तू गेली, तर मीच मारलं म्हनून जगू काय? पडून राय घरी. तुह्या मायच्या हातचं खाय. आमच्या डोयापुढं राय."

मला त्यांचं चुकलं असं वाटेना. शेवंताही आवाज न चढवता बोलली, फक्त खाटेवरून उतरून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, तुमी देव नाल्यात सोडले तवा कोनाची सही घेतली होती?"

म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गाव म्हने मरशीन. आजी म्हने घरादाराचं वाटोळं होईन. मायनं चूल पेटवली नाई. भेव वाटलं होतं का नाई तुमाले? खरं सांगा."

"वाटलं होतं," किसनराव म्हणाले. "हात कापत होते माहे. टोपलं पडता पडता राहिलं."

"मंग तरी काहून सोडले?"

"तसं जगनं नव्हतं पायजे मले."

"मलेबी नाई पायजे," ती म्हणाली. "खाटेवरचं."

किसनराव भिंतीला हात टेकून उठले. मग टोपी डोक्यावर घातली, माझ्याकडे वळले आणि विचारलं, "पोरी, मुंबईची गाडी कितीची हाये?"

ते ऑपरेशन कसं झालं, मला सांगता येत नाही, मी तिथं नव्हते. तिला यंत्रावर ठेवून काळीज थांबवलं होतं, एवढं ऐकलं. जिवंत राहिली. छातीच्या मधोमध व्रण, आणि आत टिक टिक. शांत खोलीत ती येऊन बसली की साफ ऐकू यायचं. मायनं तिच्या छातीला कान लावला आणि म्हणाली, "आता तं खरंच आत काई तरी शिरलं वं." शेवंता म्हणाली, "चेंडू शिरला, माय. तो काई मागत नाई, फक्त गोळी खाते."

अकोल्याला रक्त तपासायची सोय धड नव्हती, म्हणून तिनं अमरावतीला बदली मागून घेतली. माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले. तिथून पुढची तिची वर्षं मला पत्रांतूनच ठाऊक. फार नव्हती ती वर्षं, एवढंच सांगते. शेवट सांगायचा नाही असं मी ठरवलंय. बिचारी म्हणणाऱ्यांना तेवढाच हवा असतो. मी तिला शेवटचं पाहिलं ते एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात, अमरावतीला, वार्षिक परीक्षेच्या वेळी.

मी न कळवताच शाळेत गेले होते. व्हरांड्यातून पाहिलं तर मोठ्या हॉलमध्ये पोरी पेपर लिहीत होत्या आणि शेवंता रांगांमधून फिरत होती. आणखी बारीक झालेली, मनगटावर निळा डाग, गोळीमुळे पडतात तसा. हॉलमध्ये इतकी शांतता होती की टिक टिक दारापर्यंत येत होती. तेवढ्यात शाळा तपासायला आलेले डिप्टी साहेब आत शिरले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बाई, घड्याळ वाजतंय कोणाचं तरी. बाहेर ठेवायला सांगा."

"माह्यं हाये, साहेब," शेवंता म्हणाली. "बाहेर ठेवता येत नाई." आणि तिनं छातीवर बोट ठेवलं.

साहेबांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसे ते बावरले, आवाज उतरला, पण हट्ट सुटला नाही. "तुमच्या प्रकृतीबद्दल वाईट वाटतं, बाई. पण परीक्षेच्या हॉलमध्ये… मुलींचं लक्ष जातं. तुम्ही बाहेर बसा. दुसऱ्या बाईंना पाठवतो."

मी दारात मुठी आवळल्या. शेवंता पोरींकडे वळली आणि मोठ्यानं विचारलं, "काय वं पोरीहो, कोनाचं लक्ष जाऊन राहिलं?"

एकीनंही मान वर केली नाही. टाक चालूच होते.

"पाहा, साहेब," ती म्हणाली, "निस्तं तुमचंच जाऊन राहिलं. तुमी बसा बाहेर."

डिप्टी साहेब व्हरांड्यात आले आणि माझ्या शेजारच्या बाकावर बसले. आत शेवंता पुढच्या रांगेकडे गेली.